जिन्यातली बेरीज

त्या सुतारकामाच्या कारखान्यात 'बेरीज' ही शिवी होती. बाकीच्या शिव्याही चालत, सुतारांना त्यांची काही टंचाई नसते, पण त्या हसत दिल्या जात आणि हसत घेतल्या जात. 'बेरीज झाली' असं कुणी म्हटलं की मात्र रंधा थांबायचा, करवत थांबायची, आणि प्रत्येक जण आधी स्वतःच्या हातातल्या फळीकडे बघायचा.

एरवी जगात बेरीज म्हणजे मिळवणं, भर घालणं. शाळेत ती सगळ्यात आधी शिकवतात, कारण तीत कुणाचं काही जात नाही असं शिकवणाऱ्यांना वाटतं. पुढारी बेरजेचं राजकारण करतात, म्हातारी माणसं आयुष्याची गोळाबेरीज मांडत बसतात. अण्णांच्या कारखान्यात मात्र या शब्दाला एकच अर्थ होता. एक फळी कापली, ती दुसरीवर ठेवून दुसरी आखली, दुसरी ठेवून तिसरी आखली, की दर वेळी पेन्सिलीच्या रेघेची जाडी तेवढी इकडची तिकडे होते. शेजारशेजारच्या दोन फळ्या जोडून बघा, फरक सापडणार नाही. पहिली आणि शेवटची जोडून बघा, डोळ्यांत खुपेल. मधल्या कुणाचीच म्हणावी अशी चूक नाही, आणि चूक तर समोर उभी. तिला बेरीज म्हणायचं.

अण्णा जिने करायचे. जिन्यात बेरीज झाली की ती थेट माणसाच्या पायात येते, म्हणून त्यांचा नियम कडक होता. खालच्या जमिनीपासून वरच्या जमिनीपर्यंत एक लांब काठी उभी करायची, तिच्यावर सगळ्या पायऱ्यांच्या खुणा एकदाच पाडायच्या, आणि प्रत्येक पायरी त्या काठीवरून घ्यायची. खालच्या पायरीवरून वरची आखायची नाही. "शेजाऱ्याला विचारू नका," ते म्हणायचे, "जमिनीला विचारा."

त्यांच्या धाकट्या मुलीला हे शाळेत जायच्या आधीच कळलं, आणि तिथेच घोटाळा झाला. बेरजेची फळी सापडली की अण्णा तिच्यावर खडूने अधिकचं मोठं चिन्ह ओढायचे आणि ती सरपणात जायची. पहिलीच्या वर्गात बाईंनी फळ्यावर दोन लिहिले, मग अधिक, मग तीन. "हे काय आहे, कोण सांगेल?" धाकटीने हात वर केला. "हे वाया गेलं, बाई. जाळायचं." वर्ग खो खो हसला. पोरगी आगाऊ आहे असं समजून बाईंनी तिला तास संपेपर्यंत दाराशी उभं केलं. घरी येऊन तिने अण्णांना सांगितलं की शाळेच्या दाराची चौकट गुण्यात नाही, कोपरा काटकोनात बसत नाही. अण्णांना हसता हसता ठसका लागला. त्या दिवसापासून ती त्यांच्याबरोबर कारखान्यात बसू लागली.

घरात मुलं दोनच, थोरला दादा आणि ही धाकटी. दादा देखणा, गोडबोल्या, गिऱ्हाईक त्याच्यावर फिदा. कामाला मात्र सदा घाईचा. धाकटी बुटकी, तोंडाने फटकळ, आणि तिच्या कानामागची पेन्सिल झोपतानासुद्धा निघायची नाही. अण्णा आखायचं काम हळूहळू तिच्याकडे देऊ लागले होते. कारखान्यात आखणाऱ्याला मान असतो. कापणारा चुकला तर एक फळी जाते, आखणारा चुकला तर सगळंच जातं.

मग कारखान्याच्याच माळ्यासाठी एक जिना करायचा निघाला. घरचंच काम, म्हणून अण्णांनी पोरांवर सोडलं. आखायला धाकटी बसणार होती. सकाळी दादा म्हणाला, "मला दुपारी बाहेर जायचंय, मी आखून टाकतो, तू काप." त्याने एका पायरीच्या उंचीएवढा मापाचा तुकडा घेतला, पहिली पायरी आखली, तोच तुकडा सरकवून रेघेच्या आत टेकवला, दुसरी आखली, असं करत सरसर वर गेला. काठीला हातही लावला नाही. धाकटी लाकूड आणायला मागे गेली होती. परत आली तेव्हा रेघा पाडून झाल्या होत्या आणि दादा केस विंचरत होता. काठीवरून आखलं असेल असं समजून तिने त्या रेघांवर कापलं. प्रत्येक पायरीला अर्धं सूत गेलं होतं, ते कुणाला दिसणार? सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, त्याचा अर्धा. पण वर पोचेपर्यंत त्याचा चांगला इंच झाला, आणि तो सगळा इंच शेवटच्या पायरीच्या वाट्याला आला.

दुसऱ्या दिवशी अण्णा खांद्यावर फळ्या घेऊन चढले. खाली बघायची त्यांना गरज नव्हती, जन्मभर जिनेच केलेले. शेवटच्या पायरीला बोटं अडली आणि ते फळ्यांसकट मागे आले. खुब्याचं हाड मोडलं.

पलंगावर पडल्या पडल्या त्यांनी एकच विचारलं, "बेरीज कुणी केली?"

"धाकटीने," दादा म्हणाला. विचार न करता, पटकन, जशी त्याने ती आखणी केली होती.

धाकटीने तोंड उघडलं. तेवढ्यात आईने पाठीमागून तिचं मनगट धरलं आणि असं दाबलं की बांगडी रुतली. बाहेर नेऊन आई म्हणाली, "त्याचं लग्न जमतंय. बापाचं हाड मोडणारा म्हणून नाव झालं तर ते लोक माघारी जातील. तू मुलगी, तुझं काय बिघडतंय? बाप दोन दिवसांत विसरेल." धाकटी तेव्हा वीसएक वर्षांची. तिला वाटलं, खरंच विसरतील.

अण्णा विसरले नाहीत. तिला जवळ बोलावून त्यांनी हात पुढे केला. "पेन्सिल आण इकडे." तिने दिली. त्यानंतर तिच्या वाट्याला पॉलिश आणि पॉलिशकागद, एवढंच आलं. रागावले असते, ओरडले असते तर तिला चाललं असतं. ते तिच्याशी चांगलं वागायचे, पाव्हण्याशी वागावं तसं. वर्षभराने ती दुसऱ्या सुताराकडे कामाला लागली आणि तिकडेच एक खोली घेऊन राहिली. तिच्यामागून अण्णांच्या कारखान्यातला एक जुना मिस्त्रीही गेला. त्याचं अर्धं बोट करवतीने नेलेलं, म्हणून त्याला सगळे साडेनऊ म्हणायचे. आणखी काही दिवसांनी अण्णा वारले. कारखाना दादाचा झाला.

धाकटी बाई क्षमाशील नव्हती, हे इथेच सांगून टाकावं. लोक म्हणतात काळ हे औषध आहे. असेल, तिने ते कधी घेतलं नाही. तिने डूख धरला होता आणि तो ती पोटच्या पोरासारखा सांभाळत होती. दादाच्या कारखान्यातलं यंत्र जळाल्याची बातमी आली तेव्हा तिने चहात दोन चमचे साखर जास्त घातली. दादाचे केस गेले हे कळल्यावर मुद्दाम वाकडी वाट करून त्याच्या कारखान्यासमोरून गेली आणि स्वतःच्या डोळ्यांनी टक्कल बघून आली. साडेनऊ म्हणायचा, "अगं धाकटे, टक्कल काय, ते देवानं केलं. त्यात तुझं काय?" ती म्हणायची, "कुणी का करेना."

बाकी तिचं चांगलं चाललं होतं. स्वतःची शेड होती, चार माणसं हाताखाली होती, आणि काम एकच, जिने. तिच्या जिन्यावरून आंधळ्याने पळत जावं, असं लोक म्हणायचे. पण नवीन गिऱ्हाईक आलं की त्याच्याबरोबर कुणीतरी कुजबुजायचंच, "हिच्याच जिन्यावरून हिचा बाप पडला होता बरं का." ते ऐकलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. तिला एकच हवं होतं. दादा पडायला हवा होता. तसाच, त्याच्याच बेरजेवरून, लोकांच्या देखत.

आणि एके दिवशी दादा स्वतःच तिच्या शेडमध्ये आला. पोट पुढे, फोन कानाला. स्टुलावर बसून म्हणाला, "घर बांधतोय. दुमजली. माझी माणसं कपाटंच करतात, जिना त्यांच्या बापाला जमणार नाही. म्हटलं, घरात एवढी कारागीर असताना बाहेर कशाला जा?"

धाकटी पटाशीला धार लावत राहिली.

"हे बघ," तो जवळ सरकला, "झालं गेलं विसर. तेव्हा तुझ्या हातून चूक झाली. लहान होतीस. मी कधी मनात ठेवलं नाही. मी तुला केव्हाच माफ केलंय."

तिने त्याच्या डोळ्यांत पाहिलं. त्यात लबाडी असती तर तिने तिथल्या तिथे पटाशी फेकून मारली असती. लबाडी नव्हती. त्या माणसाने ती थाप इतक्या वेळा सांगितली होती की आता त्याची त्यालाच खरी वाटत होती. आपण उदार आहोत या समाधानाने त्याचे डोळे पाणावले होते. चोराच्या उलट्या बोंबा परवडल्या, चोर निदान जागा असतो.

"करते," धाकटी म्हणाली.

तो गेल्यावर साडेनऊने विचारलं, "करतेस?"

"त्याच्यासारखा करते."

अण्णांनी शिकवलेलं सगळं तिने बाजूला ठेवलं. काठी केलीच नाही. बोथट पेन्सिल घेतली, मापाचा तुकडा रेघेच्या आत टेकवत, शेजाऱ्याला विचारत विचारत पायऱ्या आखल्या. हाताला सवय नव्हती, हात आपोआप काठी शोधायचा, तेव्हा ती त्याच्यावर खेकसायची. साडेनऊ दोनदा म्हणाला, "धाकटे, बेरीज होईल." तिने सांगितलं, "होऊ दे." इतका गोड 'होऊ दे' तिच्या तोंडून शेडमध्ये कुणी ऐकला नव्हता. दादा जिना कसा चढतो हे तिला ठाऊक होतं. मान वर, फोनवर ओरडत, पायाकडे न बघता. ती रोज मनातल्या मनात त्याला चढवायची आणि पाडायची. कधी नुसता गुडघा फुटायचा, कधी दात जायचे. मरू मात्र ती द्यायची नाही. मेलेल्या माणसाची फजिती होत नाही.

जिना दादाच्या घरात उभा राहिला. दिसायला देखणा. वरच्या पायरीचा जास्तीचा इंच तिने पट्टी लावून असा झाकला की बसून पाहिल्याशिवाय कळू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी दादा बघायला आला तेव्हा सगळे तिथेच होते. रंगारी भिंत घासत होता, वीजवाला तारा ओढत होता, वहिनी पडद्यांची मापं घेत होती, साडेनऊ हत्यारं गोळा करत होता. आईलाही आणलं होतं. ती फार थकली होती, जिन्याखाली खुर्चीत बसून होती. तिला मुलाच्या घराचा वरचा मजला बघायचा होता; दादा आधी स्वतः चढून बघणार आणि मग तिला हात धरून नेणार, असं ठरलं होतं. धाकटी पायऱ्यांना शेवटचा हात मारत असल्याचं सोंग करत जिन्याच्या मध्यावर उभी होती.

दादा पहिल्या पायरीवर चढला आणि वळला. समोर माणसं दिसली की त्याला बोलल्याशिवाय राहवत नसे. "मंडळी," तो म्हणाला, "आमचे वडील हिच्याच जिन्यावरून पडले होते. सगळं जग म्हणालं, हिला काम देऊ नकोस. मी म्हटलं, बहीण आहे. एकदा चुकली म्हणून जन्मभर चुकेल का?" रंगाऱ्याने कौतुकाने मान हलवली. दादा हसत हसत पाठ फिरवून वर निघाला. बहिणीला ओलांडून, मान वर, तिच्या रोजच्या स्वप्नात चढायचा अगदी तसा.

आणि धाकटीला तेव्हा कुठे कळलं. हा पडला की हे सगळे काय म्हणतील? 'बघा, परत केलं हिने.' रंगारी म्हणेल, वीजवाला म्हणेल, जिथे जिथे काम करायला जातील तिथे तिथे म्हणतील. ज्या खोटेपणापायी तिने आयुष्य जाळलं तो खोटेपणा ती आज स्वतःच्या हाताने खरा करणार होती. दादा पडून उठेल, औषध लावेल, आणि तिला पुन्हा माफ करेल! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

ती धावली. शेवटच्या पायरीपाशी त्याचा पाय उचललेला असताना तिने मागून त्याचा शर्ट धरून खेचला. तो धपकन पायरीवर बसला, बटणं खाली उडाली. हे तिने मायेने केलं असं कुणी समजू नये. त्या क्षणाइतका तिने त्याचा द्वेष कधीच केला नव्हता.

"वेड लागलं काय तुला?" दादा ओरडला.

"या जिन्यात बेरीज आहे," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "मी केलीय. मुद्दाम. याने केली होती तशी."

"मी? मी कुठे केली? ऐकलंत? स्वतः कबूल करते आणि वर मला..."

"नाही ना केलीस? मग आखून दाखव." तिने खाली जाऊन एक कोरी फळी जमिनीवर टाकली, मापाचा तुकडा दिला, धारदार पेन्सिल दिली, शेजारी एक लांब काठीही ठेवली. "अण्णांचा मुलगा आहेस. चार पायऱ्या आखून दाखव यांना. तुझ्याकडून चुकूच शकत नाही."

वाद घालून वेळ जाण्यापेक्षा हे सोपं, असं त्याला वाटलं असावं. शिवाय बघायला माणसं होती. तो खाली येऊन गुडघ्यावर बसला, तुकडा ठेवला, रेघ मारली. तुकडा सरकवला, रेघेच्या आत टेकवला, रेघ मारली. पुन्हा सरकवला. ती काठी त्याच्या हाताशी पडली होती, त्याने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"शेठ," साडेनऊ हळूच म्हणाला, "काठी नको?"

"काठी कशाला? एकाला लागून दुसरी. आयुष्यभर असंच आखत आलोय."

साडेनऊने खाली वाकून ती फळी उचलली आणि अण्णा ओढायचे तसं खडूने तिच्यावर अधिकचं चिन्ह ओढलं. त्याचा अर्थ रंगाऱ्याला कळणं शक्य नव्हतं. वहिनीला कळला. तिने कारखान्याशेजारीच संसार केला होता.

"म्हणजे तेव्हाही तुम्हीच?" तिने विचारलं.

"तेव्हाचं वेगळं होतं. तेव्हा घाई होती."

"कसली घाई?"

"तुलाच बघायला नव्हतो का आलो त्या दिवशी?" तो बोलून गेला. बोलल्यावर त्याचा चेहरा हळूहळू उतरला. कित्येक वर्षांपूर्वी झोपी गेलेली गोष्ट त्याच्या आत जागी होत होती आणि ती सगळ्यांच्या देखत होत होती. वहिनी पडद्याची पट्टी गुंडाळत बाहेर निघून गेली. धाकटीच्या मनात उकळ्या फुटत होत्या. पडला असता तर एवढा पडला नसता. तिने मनसोक्त पाहून घेतलं, पाणावलेले डोळे, फाटलेला शर्ट, टक्कल, सगळं.

"पुरे गं," खुर्चीतून आई म्हणाली. "पुरे आता. मीच हिला गप्प केलं होतं. त्याचं एकट्याचं नाही."

"माहीत आहे मला," धाकटी म्हणाली. आईवरचा तिचा राग लहान होता. आईने दोघांतलं एक निवडलं, आया निवडतात, असं तिने त्याला कधीच गुंडाळून ठेवलं होतं.

"आणि त्यांना मी सांगितलं होतं."

"कुणाला?"

"तुझ्या अण्णांना. शेवटी शेवटी. म्हटलं, हे ओझं घेऊन माणसाला जाऊ देऊ नये." आईने पदराने ओठ पुसले. "म्हणाले, बोलाव तिला. रोज विचारायचे, आली का."

त्या दिवसांत धाकटी तीन गल्ल्या पलीकडे खोलीत बसून होती. एक हाक आली असती तर अनवाणी धावली असती.

"मग?"

"तू आली असतीस तर सगळं बाहेर आलं असतं. याचा संसार नुकता लागला होता. मी सांगायचे, निरोप धाडलाय, ती यायला नाही म्हणते."

"आणि अण्णा?"

"म्हणायचे, बरोबर आहे तिचं."

दादाने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण धाकटीचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. इतकी वर्षं ज्याच्यावर नेम धरला तो माणूस तिथे जमिनीवर बसला होता आणि तो तिला फळीच्या तुकड्याएवढासुद्धा महत्त्वाचा वाटत नव्हता. ती आईकडे बघत होती. तो पांढरा अंबाडा, ते सुरकुतलेले हात. त्याच हातांनी अण्णांच्या तोंडात चमचा घालता घालता आईने रोज ते वाक्य म्हटलं होतं.

"साडेनऊ," ती म्हणाली, "जिना उतरव. सगळा. लाकूड गाडीत टाक."

"आणि आम्ही वर जायचं कसं?" दादाने विचारलं.

साडेनऊने कडेचे स्क्रू काढायला घेतले. धाकटी खालच्या पायरीशी वाकली. आईने खुर्चीतूनच हात लांब केला, पण तो पोचत नव्हता. "अगं, चांगला करून दे ना पुन्हा. मला एकदा वर जाऊन बघायचंय. किती दिवस राहिलेत माझे? कधी लावशील?"

धाकटीने पायरीखाली पटाशी सरकवली आणि जोर दिला. लाकूड करकरलं.

"निरोप धाडीन," ती म्हणाली.